इंदुरातला डिजिटल पेट-सीटी: दोन स्कॅन, दोन यंत्रं आणि सात मिलिमीटरची एक गाठ

ज्यांच्या घरी डॉक्टरांनी नुकताच कोणाला पेट-सीटी सांगितला आहे आणि जे चार ठिकाणी फोन करून फक्त दर विचारताहेत, त्यांच्यासाठी हे लिहितोय. जूनमध्ये आम्हीही तेच केलं होतं. सहा महिन्यांच्या अंतराने इंदुरातल्याच दोन केंद्रांत हिचा स्कॅन झाला. पहिला जुन्या पद्धतीच्या यंत्रावर, दुसरा नव्या डिजिटल यंत्रावर. केंद्रांची नावं लिहीत नाही. दोन्हीकडे काही गोष्टी खटकल्या, पण मला कोणाशी भांडायचं नाही. आपल्या केंद्रात काय विचारायचं ते वाचणाऱ्याला कळावं, एवढाच हेतू.

माझ्याबद्दल दोन ओळी सांगतो. मी कॅटमधून, म्हणजे इंदुरातल्या सेंटर फॉर अ‍ॅडव्हान्स्ड टेक्नॉलॉजीमधून, निवृत्त झालो. २००५ साली संस्थेचं नाव राजा रामण्णा प्रगत प्रौद्योगिकी केंद्र झालं, पण आमच्या राजेंद्रनगरात अजून सगळे कॅटच म्हणतात. तिथे इंडस-२ हा १७२ मीटर परिघाचा सिंक्रोट्रॉन, म्हणजे इलेक्ट्रॉन प्रचंड वेगाने गोल फिरवणारं यंत्र, आहे. त्याच्याभोवती रेडिएशन मोजणारी जी उपकरणं लावलेली असतात, त्यांच्या देखभालीत माझी नोकरी गेली. फोटोमल्टिप्लायर ट्यूब, म्हणजे अंधुक प्रकाशाची वीज करणारी नळी, हातात आली नाही असा आठवडा जात नसे. डॉक्टरकीतलं मला काही कळत नाही, पण किरण कसा पकडतात आणि त्याचा आकडा कसा होतो, एवढं कळतं.

हिच्या मानेला डाव्या बाजूला गाठ आली आणि बायोप्सीत लिम्फोमा, म्हणजे लसिकाग्रंथींचा कर्करोग, निघाला. उपचारांआधी आजार कुठवर पसरलाय ते बघायला पहिला पेट-सीटी झाला. जूनचा उकाडा, बसायच्या जागेत तीस माणसं आणि एक कूलर. वजन ५८ किलो, किरणोत्सारी औषधाचं इंजेक्शन ८.२ मिलिक्युरी (किरणोत्साराचं माप), यंत्रात २४ मिनिटं. दोन्ही हात डोक्यावर घेऊन निजायचं असतं. मानेत गाठ असताना ही २४ मिनिटं तशी कशी राहिली असेल, ते तिलाच ठाऊक. बाहेर आली तेव्हा तिचे खांदे मीच धरून खाली आणले. रिपोर्ट व्यवस्थित होता. मान आणि छाती दोन्हीकडे गाठी, सगळ्यात तेजस्वी गाठीचा आकडा, म्हणजे तिथे औषध किती साठलं त्याचं माप, १७.८. सोबत एक सीडी दिली. ती मी उघडूनही न बघता फायलीत लावून टाकली. ही चूक पुढे नडली.

मग दर २१ दिवसांनी एक अशी सहा केमो झाली. त्या चार महिन्यांबद्दल इथे लिहीत नाही.

शेवटच्या केमोनंतर सात आठवड्यांनी पुन्हा पेट-सीटी करायचा होता. इतकं थांबतात, कारण औषधांनी आलेली सूज आधी ओसरावी लागते. नाहीतर सूजही आजारासारखीच चमकते. आधीच्या केंद्रात दहा दिवसांनंतरची वेळ मिळत होती. दुसऱ्या एका केंद्रात नवं डिजिटल यंत्र आल्याचं लेकीने शोधून काढलं. कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारलं, तर म्हणाले, कुठेही करा, चालेल. आम्ही नव्या ठिकाणी वेळ घेतली.

या नव्या केंद्राची पहिली चांगली गोष्ट स्कॅनच्या आधीच घडली. आदल्या दिवशी सकाळी तिथून एका बाईंचा फोन आला. सहा तास काही खायचं नाही, साखर नसलेलं पाणी भरपूर प्यायचं, जड काम करायचं नाही, रात्री भात-पोळी टाळून पनीर, अंडी किंवा पालेभाजी खायची, हे सगळं त्यांनी हिंदीत सावकाश सांगितलं. मग विचारलं, ‘आज कोई व्रत तो नहीं है?’ मार्गशीर्षातला गुरुवार होता. महालक्ष्मीचा उपवास, आणि गॅसवर साबुदाण्याची खिचडी तयार होत होती! बाई म्हणाल्या, मराठी घरांत हे फार होतं. ‘उपाशी पोटी या’ असं सांगितलं की लोकांना उपवासच वाटतो. मग साबुदाणा, केळं, रताळं खाऊन मंडळी येतात आणि स्कॅन पुढे ढकलावा लागतो.

खरंच आहे ते. या स्कॅनचा सगळा डोलारा साखरेवर उभा आहे. जे टोचतात ते एफडीजी, म्हणजे ग्लुकोजसारखाच रेणू, ज्याच्यावर किरणोत्सारी फ्लोरिन-१८ बसवलेला असतो. कर्करोगाच्या पेशी साखर अधाशासारखी ओढतात. हे जर्मन शास्त्रज्ञ ओटो वारबुर्ग यांनी १९२० च्या दशकातच दाखवून दिलं होतं. खरं ग्लुकोज पेशीत जळून जातं. हा नकली रेणू आत शिरतो आणि अडकून बसतो. पोटात साबुदाण्याचा स्टार्च गेला की रक्तात इन्सुलिन वाढतं, आणि हे औषध गाठीऐवजी दंडा-मांड्यांच्या स्नायूंत जातं. मग तीस लाखांचं यंत्र असो की तीस कोटींचं, चित्र धूसरच येणार. त्या बाईंच्या एका प्रश्नाने आमचा स्कॅन वाचला. हिने नैवेद्य दाखवला, खिचडी मला दिली आणि स्वतः पालक-पनीर खाल्लं. देवी समजून घेईल म्हणाली.

शुक्रवारी सकाळी सव्वासहाला निघालो. डिसेंबरातली इंदूरची थंडी, अन्नपूर्णेपाशी धुकं होतं. साडेसातची वेळ दिलेली. पोचल्यावर आधी वजन-उंची मोजली, बोटातून साखर बघितली, १०४ निघाली. दोनशेच्या वर असती तर परत पाठवलं असतं. ज्यांना मधुमेह आहे त्यांनी मेटफॉर्मिनबद्दल आधीच विचारून घ्यावं. त्या गोळीमुळे आतडं इतकं चमकतं की मागचं काही दिसत नाही.

मी सवयीने भिंती बघत होतो. अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना दर्शनी भागात लावलेला, पिवळं तीन पाकळ्यांचं चिन्ह दारावर, टोचलेल्या पेशंटांसाठी वेगळं स्वच्छतागृह, सिरिंजवर जाड आवरण, आणि टोचणाऱ्या मुलीच्या खिशाला डोसमापक बॅज. हे सगळं जागच्या जागी होतं. तुम्ही गेलात की हे बघा. रेडिएशनची शिस्त कागदावर नसते, ती अशा बारीक गोष्टींत दिसते.

इथे पहिली तक्रार. साडेसातची वेळ होती आणि इंजेक्शन आठ चाळीसला टोचलं. सव्वा तासभर कोणीच काही सांगत नव्हतं. शेवटी मी विचारलं तेव्हा कळलं, औषधाची गाडी उशिरा आली. हे औषध सायक्लोट्रॉनमध्ये, म्हणजे कणांना वेग देऊन किरणोत्सारी पदार्थ बनवणाऱ्या यंत्रात, पहाटे तयार होऊन बाहेरगावाहून येतं. भारतात अशा कामासाठीचा पहिला सायक्लोट्रॉन २००२ साली मुंबईत परळला, भाभा अणुसंशोधन केंद्राच्या विकिरण औषधी केंद्रात आला. त्याआधी आपल्याकडे हा स्कॅनच नव्हता. फ्लोरिन-१८ चं अर्धायुष्य ११० मिनिटं आहे, म्हणजे दर ११० मिनिटांनी निम्मं संपतं. पहाटे चारला १०० भाग बनवलं तर आठपर्यंत २२ उरतात आणि अकराला जेमतेम ७. म्हणून गाडी रस्त्यात अडकली की सगळ्या दिवसाचं वेळापत्रक कोसळतं, आणि शेवटच्या पेशंटांना औषध पुरतं की नाही असा प्रश्न येतो. यात केंद्राचा दोष नाही. पण रात्रीपासून उपाशी बसलेल्या माणसाला ‘गाडी यायची आहे, तासभर लागेल’ एवढं वाक्य बोलायला काय लागतं? हीच कारणमीमांसा आधी सांगितली असती तर हिची निम्मी घालमेल वाचली असती.

इंजेक्शन दिल्यावर तासभर स्वस्थ पडून राहायचं. बोलायचं नाही, मोबाइल बघायचा नाही, काही चघळायचं नाही, कारण जो स्नायू हलतो तो साखर खातो. इथली खोली उबदार होती आणि हिला दोन ब्लँकेटं दिली. ही निव्वळ माया नव्हे. थंडी वाजली की मानेजवळची आणि खांद्यांतली तपकिरी चरबी शरीर तापवायला साखर जाळू लागते, आणि स्कॅनमध्ये नेमकी मानच उजळते. मानेच्या लिम्फोमाच्या पेशंटला डिसेंबरात पातळ चादरीवर ठेवलं असतं तर काय गोंधळ झाला असता, विचार करा. जिने ती ब्लँकेटं दिली त्या मुलीला हे शास्त्र नीट ठाऊक होतं. मी विचारल्यावर तिने मलाच समजावून सांगितलं.

आता यंत्राबद्दल. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण सगळं आयुष्य ज्याच्याशी झटलो त्याची पुढची पिढी मी पहिल्यांदा बघत होतो.

फ्लोरिन-१८ मधून पॉझिट्रॉन, म्हणजे इलेक्ट्रॉनचा धन विद्युतभाराचा जुळा, बाहेर पडतो, मिलिमीटरभर जातो आणि इलेक्ट्रॉनला भेटून नाहीसा होतो. त्यातून ५११ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचे दोन गॅमा किरण बरोबर विरुद्ध दिशांना सुटतात. पेशंटच्या भोवती स्फटिकांचं कडं असतं. समोरासमोरच्या दोन स्फटिकांत एकाच वेळी ठिणगी पडली, की त्या दोघांना जोडणाऱ्या रेषेवर कुठेतरी औषध आहे हे कळतं. अशा कोट्यवधी रेषांतून चित्र तयार होतं. स्फटिकातली ठिणगी अगदी अंधुक असते. तिची वीज करून मोजायचं काम १९५० च्या दशकापासून, हॅल अँगर यांनी गॅमा कॅमेरा बनवला तेव्हापासून, फोटोमल्टिप्लायर ट्यूब करत आली. काचेची पोकळ नळी, आत निर्वात, वर हजार व्होल्टच्या आसपास दाब. उत्तम वस्तू आहे. पण ती जाड असते, चुंबकाजवळ बिघडते, आणि मुख्य म्हणजे एक नळी अनेक बारक्या स्फटिकांवर मिळून बसते. ठिणगी नेमकी कुठल्या स्फटिकात पडली ते शेजारच्या नळ्यांच्या हिशेबावरून अंदाजाने काढावं लागतं.

डिजिटल यंत्रात ती नळीच नाही. तिच्या जागी सिलिकॉनची चकती, तिच्यावर हजारो सूक्ष्म खणे, प्रत्येक खण प्रकाशाचा एकेक कण ओळखणारा, आणि दाब शंभर व्होल्टांहूनही कमी. फिलिप्सच्या व्हेरिऑसमध्ये, जो २०१३ साली पहिला पूर्ण डिजिटल पेट-सीटी म्हणून आला, एका स्फटिकाला एक सेन्सर अशी सरळ जोडी आहे. अंदाजाला जागाच उरली नाही. चुंबकाचं भय गेल्यामुळे पेट आणि एमआरआय एकाच यंत्रात बसवता आले. आमच्या काळी अशी एखादी चकती मिळाली असती तर किती रात्री झोप लागली असती.

दुसरा फरक घड्याळाचा. हे मी हिला असं समजावलं. आग्रा-मुंबई रस्त्यावर कुठूनतरी दोन माणसं एकाच वेळी, एकाच वेगाने निघाली, एक देवासकडे आणि एक महूकडे. कोण किती आधी पोचला हे नेमकं कळलं तर ती कुठून निघाली ते सांगता येतं. गॅमा किरणांचंही तेच, फक्त ते नॅनोसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागात, ३० सेंटीमीटर पळतात. घड्याळ अर्ध्या नॅनोसेकंदाने चुकत असेल तर जागा साडेसात सेंटीमीटरने डळमळते. २०१८ मध्ये सिमेन्सचा बायोग्राफ व्हिजन आला, त्याचं घड्याळ २१४ पिकोसेकंदांचं आहे (हजार पिकोसेकंदांचा एक नॅनोसेकंद), म्हणजे सुमारे सव्वातीन सेंटीमीटर. आमच्या केंद्रातल्या तंत्रज्ञाने त्यांचं ३२० च्या आसपास असल्याचं सांगितलं. ते झाले पाच सेंटीमीटरहून थोडे कमी. मिलिमीटरची गाठ यातून थेट सापडत नाही, पण प्रत्येक रेषेवरचा कचरा कमी होतो, आणि तेवढंच स्वच्छ चित्र कमी औषधात, कमी वेळात मिळतं.

याचा आमच्यापुरता हिशेब सांगतो. इंजेक्शन ८.२ ऐवजी ५.१ मिलिक्युरी, वजन तेच. औषधातून शरीराला मिळणारा किरणांचा डोस अंदाजे ५.८ वरून ३.६ मिलिसिव्हर्टवर (त्या डोसाचं माप) आला. जगात सरासरी माणसाला निसर्गातूनच वर्षाला २.४ मिलिसिव्हर्ट मिळतात, त्याच्याशी ताडून बघा. सीटीचा डोस वेगळा असतो, आणि पुष्कळदा तोच जास्त भरतो, त्यामुळे सीटी कमी डोसवर करताहेत का हेही विचारा. आणि यंत्रात २४ ऐवजी ९ मिनिटं. हिच्या दृष्टीने सगळं तंत्रज्ञान या एका आकड्यात आलं. हात वर करून नऊ मिनिटं, आणि ती स्वतः उठून बसली.

तो तंत्रज्ञ पोरगा मोठ्या हौसेने सांगत होता की आता परदेशात डोक्यापासून पायापर्यंतचं शरीर एकाच वेळी बघणारी यंत्रं आहेत. त्यांतलं पहिलं कॅलिफोर्नियात डेव्हिसच्या विद्यापीठाच्या पुढाकाराने झालं, १९४ सेंटीमीटर लांबीचं, २०१८ मध्ये त्याची पहिली मानवी चित्रं आली. आपल्या नेहमीच्या यंत्राचं कडं वीस-तीस सेंटीमीटरचं, म्हणून पलंग टप्प्याटप्प्याने सरकतो. सगळं शरीर कड्यात मावलं तर औषध आणखी कितीतरी कमी पुरेल. लहान मुलांच्या कॅन्सरसाठी हे लवकर इकडे यावं असं फार वाटतं.

संध्याकाळपर्यंत नातीला जवळ घ्यायचं नाही असं सांगितलं होतं. सहा तासांत किरणोत्सार दहाव्या हिश्श्यावर येतो, शिवाय बरंच लघवीवाटे जातं. चार वर्षांची नात दाराच्या फटीतून आजीशी बोलत राहिली. साडेसहाला मी दार उघडलं.

शनिवारी संध्याकाळी रिपोर्ट मोबाइलवर आला. ही माझी दुसरी तक्रार, आणि मोठी. मानेतल्या आणि छातीतल्या सगळ्या जागा शांत झाल्या होत्या, पण खाली लिहिलं होतं: उजव्या जांघेत ७ मिलिमीटरची गाठ, आकडा ३.६, यकृत २.५, डोव्हिल ४, बायोप्सीचा विचार करावा. जूनच्या रिपोर्टात जांघेचा उल्लेखच नव्हता. म्हणजे नवीन? हा आकडा म्हणजे एसयूव्ही. टोचलेलं औषध सगळ्या शरीरात सारखं पसरलं असतं तर प्रत्येक ठिकाणी १ आला असता, इथे त्याच्या किती पट साठलं ते तो सांगतो. आणि डोव्हिल ही १ ते ५ ची पायरी, गाठ यकृतापेक्षा उजळ आहे की मंद त्यावरून ठरते. तीनपर्यंत बरं, चार म्हणजे आजार शिल्लक असण्याची शक्यता. हे सगळं मी रात्री दोन वाजेपर्यंत वाचून काढलं. पुण्याहून मुलाचे फोनवर फोन. ही काही बोलली नाही, रविवारी सकाळी उठून तिने देवघरातली भांडी चिंचेने घासायला घेतली. शनिवारी संध्याकाळी, डॉक्टर भेटणार नाहीत अशा वेळी, असा रिपोर्ट नुसता मोबाइलवर टाकू नये. केंद्रवाल्यांनो, एक फोन तरी करा.

सोमवारी मी थेट केंद्रात गेलो आणि अणुवैद्यकाच्या डॉक्टरांना भेटायचंच म्हणून बसून राहिलो. भेटले, आणि चाळीस मिनिटं दिली. पहिला प्रश्न त्यांनी विचारला, ‘आधीचा स्कॅन याच यंत्रावरचा आहे का?’ मी नाही म्हटलं. ‘मग त्याची सीडी द्या, बाजूला ठेवून बघतो.’ ती सीडी यंत्रात घातली तर तिच्यात नुसते बारा फोटो. मूळ डायकॉम फाइली, ज्या उघडून पुन्हा मोजता येतात, त्या नव्हत्याच. पहिल्या केंद्रात त्यासाठी मला तीन खेपा माराव्या लागल्या. एकदा सर्व्हर बंद, एकदा माणूस रजेवर. तिसऱ्यांदा पाचशे रुपये भरल्यावर फाइली मिळाल्या. हा पेशंटचा स्वतःचा डेटा आहे, त्याचे पैसे बिलात आधीच गेलेले असतात. तो मागावा लागणं मला अजूनही खुपतं.

बुधवारी दोन्ही स्कॅन शेजारी लागले. जांघेतली गाठ जूनच्या सीटीतही होती. तेवढीच, सात मिलिमीटरची. तिथे तिचा आकडा २.१ होता म्हणून कोणी तिची दखल घेतली नव्हती. मग आता ३.६ कसा? डॉक्टरांनी जे सांगितलं ते ऐकताना मला माझ्या जुन्या प्रयोगशाळेत बसल्यासारखं वाटलं. टीपकागदावर शाईचा थेंब पडला की तो पसरतो आणि फिका दिसतो. शाई तेवढीच असते. जुन्या यंत्राचा टीपकागद भरड, त्यामुळे सेंटीमीटरपेक्षा लहान गाठीचा थेंब पसरून फिका व्हायचा. मोठ्या गाठीला किंवा यकृताला त्याचा फारसा फरक पडत नाही. नव्या यंत्राचा कागद बारीक, शिवाय चित्र जुळवताना संगणक तो पसरट कडा गणिताने आणखी आवळतो. त्यामुळे लहानशी गाठ एकदम उजळ दिसते. गाठ बदललेली नाही, मोजपट्टी बदलली.

मग त्यांनी एक काम केलं, ज्यासाठी मी या केंद्राला मनापासून मानतो. यंत्रात साठवलेल्या त्याच कच्च्या नोंदींवरून, हिला पुन्हा न टोचता, चित्र दुसऱ्यांदा जुळवलं. या वेळी ते कडा आवळणारं गणित वगळून आणि जुन्या यंत्राशी जुळेल इतकं मऊ करून. त्यात गाठीचा आकडा २.४ आला, यकृताच्या खाली.

मी स्पष्ट विचारलं, ‘डॉक्टर, हे आपल्याला हवा तसा आकडा काढून घेतल्यासारखं तर नाही ना?’ त्यांना राग आला नाही. म्हणाले, ‘३.६ हा खऱ्याच्या जास्त जवळ आहे, तो मी खोडत नाहीये. पण जूनशी तुलना करायची तर दोन्ही एकाच पट्टीने मोजायला हवेत. डोव्हिलच्या पायऱ्या बसल्या तेव्हा चित्रंही जुन्या पद्धतीची होती. पुढे कधी स्कॅन झाला तर तो याच यंत्रावरच्या ३.६ शी ताडून बघू.’ युरोपातल्या अणुवैद्यकाच्या संघटनेने वेगवेगळ्या यंत्रांचे आकडे एकमेकांशी जुळावेत म्हणून ईएआरएल नावाची पद्धतच घालून दिली आहे, हेही त्यांनी सांगितलं. दुरुस्त रिपोर्टात त्यांनी दोन्ही आकडे, यंत्राचं नाव, इंजेक्शननंतर किती मिनिटांनी स्कॅन झाला ते, आणि चित्र कुठल्या पद्धतीने जुळवलं ते, सगळं लिहून दिलं. डोव्हिल ३. कॅन्सरच्या डॉक्टरांनी तो वाचून बायोप्सी रद्द केली आणि सहा आठवड्यांनी सोनोग्राफी सांगितली.

म्हणून दर विचारण्याआधी हे विचारा: आधीचा स्कॅन ज्या यंत्रावर झाला तेच यंत्र मिळेल का, आणि नसेल तर जुने डायकॉम घेऊन तुलना करणार का? आम्हाला पहिल्या ठिकाणी साडेतेरा हजार लागले, दुसऱ्या ठिकाणी सतरा. वरचे साडेतीन हजार कमी औषध आणि नऊ मिनिटांसाठी मी पुन्हा देईन. पण उपचारांच्या अध्येमध्ये यंत्र बदलू नका. बदलावंच लागलं तर रिपोर्ट लिहिणाऱ्या डॉक्टरांना ते आधी, लेखी सांगा. मी ते सांगितलं नव्हतं, आणि फॉर्मवर तसा रकानाही नव्हता. तो रकाना त्यांनी घालावा असं मी डॉक्टरांकडे पत्र देऊन आलोय.

याच केंद्रात हाडांचा आणि हृदयाचा स्कॅन करायचा गॅमा कॅमेरा आहे, तो मात्र अजून नळ्यांचाच. तिथेही आता कॅडमियम-झिंक-टेल्युराइडचे डिटेक्टर आलेत, जे गॅमा किरणाची थेट वीज करतात, मध्ये प्रकाशाची पायरीच नाही. हृदयाचा स्कॅन सांगितला असेल तर असा कॅमेरा आहे का ते विचारून बघा.

जानेवारीत सोनोग्राफी झाली. गाठ सातच मिलिमीटरची, मधला चरबीचा भाग शाबूत, म्हणजे साध्या सुजेची. सोनोग्राफी करणाऱ्या बाईंनी हिचे पाय बघायला मागितले. दोन्ही टाचांना खोल भेगा, उजवीकडची तर पिकलेली. केमोने कातडी कोरडी पडते, आणि ही थंडीतही देवळात अनवाणी जाते. पायातली जखम जांघेतल्या गाठीला कळते, असं त्या म्हणाल्या. पेट-सीटी आता काही लक्षण दिसलं तरच करायचा, नुसता दर सहा महिन्यांनी नाही, असं डॉक्टरांनी सांगितलंय. वहिनींनी रत्नागिरीहून कोकमतेलाची वडी पाठवली आहे. रोज रात्री मी ती कोमट करून हिच्या टाचांत भरतो.